शाळा संपली की अभ्यास कमी होतो?

‘शाळेची शेवटची परीक्षा झाली की सुटलात, विद्यापीठात नुसता आराम,’ असा निरोप वर्षानुवर्षं फिरतोय. वेळापत्रक हातात आलं की तो खराही वाटतो, कारण तासिका बऱ्याचदा खरंच कमी असतात.

पण कमी होते ती वर्गात बसण्याची वेळ, अभ्यासाची नव्हे. युरोपातल्या विद्यापीठांच्या श्रेयांक (क्रेडिट) पद्धतीत १ श्रेयांक म्हणजे २५ ते ३० तासांचं काम. व्याख्यानं, वाचन, लेखन, परीक्षेची तयारी सगळं त्यात आलं. वर्षाचे ६० श्रेयांक म्हणजे किमान १,५०० तास. तुमच्या अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेत विषयाचे एकूण तास दिले असतील, तर त्यातून व्याख्यानांचे वजा करून बघा. उरलेले स्वतःहून बसून भरायचे असतात. शाळेत हेच काम गृहपाठ आणि चाचण्यांमधून करवून घेतलं जायचं. इथे सहसा कुणी वही मागत नाही. पहिल्या सत्रात हुशार मुलंही गडबडतात ती त्यामुळे. त्यात बुद्धीचा दोष नसतो, हे त्यांना कुणीतरी वेळेवर सांगायला हवं.

व्याख्यान झालं त्याच संध्याकाळी वही मिटून कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहा. जिथे पेन अडेल, तिथून वाचायला घ्या.