पोहता येतं, पण पाण्यात उभं राहता येतं का?

उन्हाळ्याच्या बॅचेस सुरू झाल्या की ठाण्यातल्या तरणतलावांवर पालकांचा एक प्रश्न हमखास कानावर येतो. "मुलगी आता आठवीत जाईल. फ्रीस्टाइलच्या दहा लेन्थ न थांबता मारते. वॉटर पोलोला घालू का?" घाला, जरूर घाला. फक्त या प्रश्नामागचा एक गैरसमज आधी दूर व्हायला हवा. वेगाने पोहणाऱ्याला वॉटर पोलो, म्हणजे पाण्यात दोन संघांनी चेंडूने गोल करायचा खेळ, आपोआप जमतो, असं बहुतेकांनी गृहीत धरलेलं असतं.

वेग लागतोच. १९५१ साली दिल्लीच्या पहिल्या आशियाई स्पर्धेत भारताने वॉटर पोलोचं सुवर्णपदक जिंकलं, त्या संघातले सचिन नाग हे त्याच स्पर्धेत १०० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण मिळवणारे जलतरणपटू होते. पण खेळाचे नियम बघा. आठ-आठ मिनिटांचे चार क्वार्टर, तळाला पाय टेकवायचा नाही, काठ धरायचा नाही आणि गोलरक्षक सोडला तर चेंडू एकाच हाताने हाताळायचा. म्हणजे पास झेलताना, अडवताना, गोलवर फेकताना खेळाडू पाण्यात उभा असतो, आणि हात दुसऱ्या कामात गुंतलेले असतात. सगळा भार पायांवर. त्या पायांच्या हालचालीला एगबीटर किक म्हणतात. पोहण्यातल्या सगळ्या तंत्रांत मला हे सर्वात सुंदर वाटतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

भरपूर श्वास घेतलेलं शरीर पाण्यात जेमतेम तरंगतं. आर्किमिडीजचा नियम शाळेत शिकलोय: जेवढं पाणी बाजूला सारलं जातं तेवढ्याच पाण्याच्या वजनाइतका आधार मिळतो. आता ४५ किलोच्या मुलीने डोकं, खांदे आणि एक हात पाण्याबाहेर काढला, की ढोबळमानाने ८ लिटर शरीर हवेत आलं. तेवढा आधार गेला. ही ८ किलोची, म्हणजे साधारण ८० न्यूटनची तूट पायांनी भरून काढायची, तीही सतत.

पाय वरखाली मारून भागत नाही. पाय खाली दाबताना जे मिळतं, त्यातलं बरंचसं तो वर घेताना जातं. ब्रेस्टस्ट्रोकची, म्हणजे बेडकासारखी दोन्ही पायांनी एकदम मारायची किक उभ्याने मारली तर एकदम उसळी मिळते आणि पाय पुन्हा जवळ घेईपर्यंत शरीर खाली बसतं. एगबीटरमध्ये पाऊल किंचित तिरकं धरून आडवं, गोल फिरवायचं. तिरकं पाऊल आडवं सरकताना पाणी खाली लोटतं आणि प्रतिक्रियेने शरीर वर उचललं जातं. वरून पाहिलं तर उजवा पाय घड्याळाच्या उलट दिशेने आणि डावा घड्याळाच्या दिशेने फिरतो, केकचं मिश्रण फेटायच्या यंत्रातल्या दोन पात्यांसारखा. दिशा उलट असल्याने शरीर स्वतःभोवती गरगरत नाही. शिवाय दोन्ही पाय एकाआड एक काम करतात, त्यामुळे एकाचा जोर ओसरतो तेव्हा दुसऱ्याचा सुरू झालेला असतो.

आता खरी गंमत. उचल म्हणजे दर सेकंदाला खाली लोटलेलं पाणी गुणिले त्याला दिलेला वेग. सेकंदाला ८० किलो पाणी १ मीटर प्रति सेकंद वेगाने लोटलं किंवा ४० किलो पाणी २ मीटर प्रति सेकंद वेगाने लोटलं, तरी उचल ८० न्यूटनच. पण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गावर ठरते. पहिल्या पद्धतीत सेकंदाला ४० जूल खर्च होतात, दुसरीत ८०. उचल तेवढीच, दमणूक दुप्पट! म्हणून जास्त पाणी सावकाश लोटणं फायद्याचं, आणि त्यासाठी पायांची वर्तुळं मोठी हवीत. आदर्श गणितात वर्तुळाचं क्षेत्रफळ चौपट झालं की तेवढ्याच उचलीला निम्मी शक्ती पुरते. उलट, वर्तुळ तेच ठेवून उचल दुप्पट करायची तर शक्ती दोनाच्या दीडाव्या घाताने, म्हणजे सुमारे २.८ पट लागते. गोल मारताना छातीपर्यंत वर आलेला खेळाडू क्षणभरच तसा का राहतो, ते यावरून कळतं.

हे मुलांना गणिताशिवायही शिकवता येतं. खुर्चीत बसल्यासारखी पाठ ताठ, मांड्या जवळजवळ आडव्या, गुडघे फाकलेले. आधी काठावर बसून पाय फिरवायचे, मग पाण्यात हातांनी वल्हवत, मग मनगटं बाहेर, मग कोपरं. चेंडू त्यानंतर. घोडबंदर रोडवरच्या टॉवरांतले चारेक फुटांचे तलाव मात्र याला उपयोगाचे नाहीत. तिथे मुलांचे पाय तळाला लागतात आणि दमल्यावर टेकवायची सवय जडते. खोल पाणी हवं, आणि शेजारी प्रशिक्षक हवा.

घाई मात्र नको. या किकमध्ये मांडीचं हाड खुब्यात आतल्या बाजूला वळावं लागतं. मांडी घालून बसताना ते बाहेर वळतं, त्यामुळे तासन् तास मांडी घालणाऱ्या मुलालाही हे सोपं जाईलच असं नाही. खुबा वळला नाही तर तो पीळ गुडघ्यावर येतो आणि गुडघ्याच्या आतल्या बाजूचा अस्थिबंध दुखू लागतो. ब्रेस्टस्ट्रोक करणाऱ्यांमध्ये हे दुखणं परिचित आहे. वाढत्या वयात हाडांच्या टोकांशी असलेली कूर्चा पक्क्या हाडापेक्षा नाजूक असते. गुडघ्याच्या आतल्या बाजूला दुखलं की त्या दिवशीची किक बंद.

पोहण्याने उंची वाढते, ही जाहिरात मात्र थांबायला हवी. उंची आनुवंशिकता, संप्रेरकं आणि आहार ठरवतात. पाणी हाडं ताणत नाही. उंच मुलं या खेळांत पुढे जातात, म्हणून जिंकणारे उंच दिसतात. त्याहून घातक समज म्हणजे जोरजोरात श्वास घेऊन बुडी मारली की दम वाढतो. तसं केल्याने रक्तातला ऑक्सिजन फारसा वाढत नाही, कार्बन डायऑक्साइड तेवढा घटतो. श्वास घ्यायची ऊर्मी मुख्यतः कार्बन डायऑक्साइडमुळे येते. ती उशिरा येते, ऑक्सिजन आधी संपतो आणि मूल पाण्याखाली गपकन बेशुद्ध पडतं. श्वास रोखायच्या शर्यती कुठल्याही बॅचमध्ये चालू देऊ नका.

तयारी कुठवर आलीय हे पालकांना काठावरून ओळखता येतं. मुलाला खोल पाण्यात दोन्ही मनगटं बाहेर काढून उभं राहायला सांगा आणि हनुवटीकडे बघा. डोकं वरखाली होत असेल तर दोन्ही पाय एकदम चालताहेत. शरीर एका बाजूला वळत असेल तर एक पाय दुसऱ्यापेक्षा कमकुवत आहे. हनुवटी पाण्याच्या पातळीवर स्थिर राहिली आणि मूल तुमच्याशी न धापता बोलू शकलं, की हातात चेंडू द्या.