रुग्णाभ्यंग
आजारी ख्रिस्ती व्यक्तीला आशीर्वादित तेल लावून तिच्यासाठी प्रार्थना करण्याचा विधी. कॅथलिक व ऑर्थोडॉक्स परंपरांत तो सात संस्कारांपैकी (मुख्य पवित्र विधींपैकी) एक आहे. प्रॉटेस्टंट पंथ सामान्यतः त्याला संस्कार मानत नाहीत. प्रार्थना आणि वैद्यक यांच्या नात्याविषयीचा ख्रिस्ती वाद बराचसा या विधीच्या आधारवचनाभोवती फिरतो.

हे वचन नव्या करारातील याकोबाच्या पत्रात आहे (५:१४–१५). पत्राचा काळ इ. स. पहिल्या शतकाचा मध्य ते अखेर असा सैलपणे धरला जातो. दुखणाईताने मंडळीच्या (चर्चच्या) वडिलांना, म्हणजे ज्येष्ठ पुढाऱ्यांना, बोलवावे, त्यांनी प्रभूच्या नावाने तेल लावून प्रार्थना करावी, असे त्यात सांगितले आहे. हे तेल औषध होते की केवळ धार्मिक खूण, यावर मतभेद आहेत. औषध मानणारे लूकच्या शुभवर्तमानातील दृष्टांतकथेतल्या दयाळू शोमरोन्याकडे (सॅमॅरिटनकडे) बोट दाखवतात : त्याने वाटेत पडलेल्या माणसाच्या जखमांवर तेल व द्राक्षारस ओतला होता. शिवाय पत्रातील ‘अलैफो’ हे ग्रीक क्रियापद साध्या चोळण्यालाही चालते. ‘ख्रिस्त’ हा शब्द ज्यावरून आला, ते ‘ख्रिओ’ (अभिषेक करणे) येथे नाही. मात्र जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात याजकांच्या अभिषेकालाही ‘अलैफो’ वापरलेले आढळते (निर्गम ४०:१५), त्यामुळे केवळ क्रियापदावरून निर्णय होत नाही. परिणामासाठीचा ‘सोझो’ हा शब्दही ‘बरे करणे’ व ‘तारणे’ असा दुहेरी आहे. पत्रकर्ता गुणाचे श्रेय तेलाला न देता प्रार्थनेला देतो, हे पाहता खुणेचे मत अधिक सयुक्तिक वाटते. तथापि त्या काळी ही फाळणी इतकी काटेकोर असेलच असे नाही.

त्याआधीच्या, साधारण इ. स. पू. दुसऱ्या शतकाच्या आरंभीच्या, बेन सिरा या यहुदी ज्ञानी पुरुषाच्या ग्रंथात (अध्याय ३८) वैद्याचा मान राखावा, औषधे देवानेच भूमीतून निर्माण केली, आधी प्रार्थना करावी व मग वैद्याला वाव द्यावा, असा उपदेश आहे. हा ग्रंथ प्रॉटेस्टंट बायबलच्या मान्य ग्रंथांत नाही. चौथ्या शतकात कैसरियाचे (आजच्या तुर्कस्तानातील नगर) बिशप बेसिल यांनी रुग्णसेवेची मोठी संस्था उभारली आणि वैद्यक ही देवाची देणगी मानली. फक्त सारी भिस्त तिच्यावर ठेवू नये, असे बजावले.

मध्ययुगात हा विधी मृत्युशय्येकडे सरकला व ‘अंतिम अभ्यंग’ म्हणून रूढ झाला. १२१५ च्या चौथ्या लॅटरन या कॅथलिक धर्मपरिषदेने तर वैद्यांनी प्रथम रुग्णाला आत्म्याचा वैद्य, म्हणजे धर्मगुरू, बोलावण्यास सांगावे असा नियम केला. प्रॉटेस्टंट धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर यांनी १५२० मध्ये या विधीचे संस्कारपद नाकारले. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट परिषदेने १५५१ मध्ये ते पुन्हा ठामपणे मांडले. आरोग्यदानाची देणगी प्रेषितांच्या (येशूच्या आद्य शिष्यांच्या) काळापुरतीच होती, असे दुसरे प्रॉटेस्टंट सुधारक कॅल्व्हिन यांचे मत होते.

वचनाचा शब्दशः अर्थ घेणारेही झाले. इंग्लंडमधील एसेक्स परगण्यात १८३८ मध्ये उदयास आलेला ‘पिक्युलियर पीपल’ हा पंथ तेल व प्रार्थनेवर विसंबून डॉक्टर टाळी. १८६८ च्या वॅगस्टाफ खटल्यात मूल दगावूनही आईबाप निर्दोष सुटले, कारण त्यांची श्रद्धा प्रामाणिक ठरली. त्याच वर्षी मुलांना वैद्यकीय मदत न देणे हा कायद्याने गुन्हा झाला, आणि १८९९ च्या सीनियर खटल्याच्या निकालात पित्याची सदोष मनुष्यवधाची शिक्षा कायम राहिली.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ‘रुग्णाभ्यंग’ हेच नाव अधिक योग्य ठरवले (१९६३). १९७२ मध्ये पोप सहावे पॉल यांनी नवा विधी मंजूर केला. गंभीर आजारामुळे शस्त्रक्रिया होणार असेल, तर तिच्याआधीही तेल लावता येते. ऑलिव्ह तेल दुर्मीळ असेल तेथे अन्य वनस्पतिजन्य तेल चालते. भारतासारख्या देशांत ही सवलत सोयीची आहे.

महाराष्ट्रात प्रॉटेस्टंट मिशनांनी वैद्यकाचीच वाट धरली. डॉ. विल्यम वॉनलेस यांचे मिरजेचे रुग्णालय (एकोणिसाव्या शतकाचे अखेरचे दशक) हे त्याचे ठळक उदाहरण होय.