मनोंग पिढी

मनोंग हा फिलिपीन्सच्या इलोकानो भाषेतला शब्द. अर्थ थोरला भाऊ. आपल्याकडे अनोळखी माणसालाही ‘दादा’ म्हणून हाक मारतात, तसाच तो वापरला जातो. १९२० ते १९३४ या काळात अमेरिकेत शेतमजुरीसाठी गेलेल्या फिलिपिनो पुरुषांची अख्खी पिढी याच नावाने ओळखली जाते.

१८९८ मध्ये फिलिपीन्स अमेरिकेच्या ताब्यात गेले. तिथल्या लोकांना अमेरिकेत येण्याजाण्याची मुभा मिळाली, नागरिकत्व मात्र नाही. वर्गभेद पहिल्यापासूनच होता. १९०३ पासून सरकारी शिष्यवृत्तीवर गेलेले विद्यार्थी, म्हणजे पेन्सियोनादो, पदवी घेऊन मायदेशी परतले आणि मोठ्या हुद्द्यांवर बसले. मजूर १९०६ पासून हवाईच्या उसाच्या मळ्यांत आणि पुढे कॅलिफोर्नियात राबत राहिले.

स्टॉक्टनभोवतीच्या शेतांत शतावरीचे कोंब काढायला दिवसभर कमरेत वाकावे लागे. सुट्टीच्या दिवशी हेच लोक कडक इस्त्रीचा सूट घालून एल डोराडो रस्त्यावर येत. या सुटांना उधळेपणा म्हणणाऱ्यांनी ‘फिलिपिनोंना सक्त मज्जाव’ अशी पाटी लावलेले तिथले हॉटेल विसरू नये. आठवडाभर ज्यांना कोणी माणसात धरत नव्हते, त्यांचा तो स्वाभिमान होता. जानेवारी १९३० मध्ये वॉटसनव्हिल गावात गोऱ्या जमावाने त्यांच्यावर हल्ले केले. फेर्मिन तोबेरा हा तरुण गोळी लागून मेला. १९३३ मध्ये कॅलिफोर्नियाने गोऱ्या स्त्रियांशी त्यांचे लग्न बेकायदा ठरवले. स्वतःच्या समाजातल्या बायका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, त्यामुळे कित्येक जण जन्मभर एकटे राहिले. १९३४ च्या कायद्याने वर्षाला फक्त ५० जणांना प्रवेश ठेवला.

१९६५ हे वर्ष या इतिहासाचा सांधा आहे. ८ सप्टेंबरला डेलानो येथे लॅरी इटलिऑन्गच्या नेतृत्वाखाली उतारवयातल्या मनोंगांनी द्राक्षमळ्यांत संप पुकारला. सीझर चावेझची मेक्सिकन मजुरांची संघटना आठवडाभराने त्यात उतरली. श्रेय मात्र बहुतेकदा तिलाच दिले जाते, हे अन्यायाचे आहे. संपाला महिना व्हायच्या आतच, ३ ऑक्टोबरला, नवा स्थलांतर कायदा झाला आणि पुढच्या काळात परिचारिका, डॉक्टर, अभियंते येऊ लागले. त्यांतल्याही अनेकांना परवाना मिळेपर्यंत शिक्षणापेक्षा हलकी कामे करावी लागली. पण पुढे त्यांनी डेली सिटीसारख्या उपनगरांत घरे घेतली. मनोंग लॉजच्या खोल्यांतच राहिले. देश एक, चेहरा एक, तरी दोघांचे जगणे एकमेकांना परके होते.

हे अंतर कमी केले ते मुख्यतः अमेरिकेत वाढलेल्या फिलिपिनो विद्यार्थ्यांनी. सॅन फ्रान्सिस्कोच्या कर्नी रस्त्यावरील इंटरनॅशनल हॉटेलमधल्या म्हाताऱ्यांची घरे वाचवण्यासाठी ते वर्षानुवर्षे लढले. ४ ऑगस्ट १९७७ च्या पहाटे हजारो लोकांची साखळी मोडून पोलिसांनी भाडेकरूंना बाहेर काढले. २००५ मध्ये त्याच जागी स्वस्त घरांची इमारत उभी राहिली.

डेलानोत आधीच, १९७४ मध्ये, वृद्ध मनोंगांसाठी आग्बायानी व्हिलेज उघडले होते. संपाच्या पहाऱ्यावर असताना मरण पावलेल्या पाउलो आग्बायानी यांचे नाव त्याला दिले. बांधकामाला ठिकठिकाणांहून स्वयंसेवक आले. स्वयंपाकघर सगळ्यांचे मिळून एक. खोल्या मात्र एकेका माणसाच्या, कारण आत राहायला येणाऱ्या बहुतेकांना बायकामुले नव्हती.