काम परदेशी गेलं, मोल्डरचं काय?

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, ऑर्डर बंद झाल्याचं पत्र मोल्डरला, म्हणजे साचे धरणाऱ्या कामगाराला, कुणी दाखवत नाही. त्याला ते पॅटर्नवरून कळतं. पॅटर्न म्हणजे ज्याच्याभोवती वाळू ठोकून साचा धरतात तो लाकडाचा किंवा धातूचा नमुना. तो बहुतेक वेळा गिऱ्हाईक कंपनीच्या मालकीचा असतो. एके दिवशी तो टेम्पोत चढला, की त्या कास्टिंगवर, म्हणजे साच्यात ओतलेल्या भागावर, राबणारी चार माणसं मोकळी. पॅटर्न बेळगावला गेला की चीनला, हे त्यांना कुणी सांगत नाही. आपल्याकडच्या कायद्यालाही त्याने काही फरक पडत नाही.

अमेरिकेत मात्र साठ वर्षं एक अख्खी योजना याच प्रश्नावर चालली: काम गेलं ते कशामुळे?

मूळ कल्पना कामगार पुढाऱ्याची. पोलाद कामगारांच्या संघटनेचे अध्यक्ष डेव्हिड मॅकडोनाल्ड यांनी १९५४ च्या सुमारास मुद्दा मांडला, की आयातकर कमी करणं देशाच्या फायद्याचं असेल, तर त्या फायद्यापायी ज्यांची नोकरी जाते त्यांना सरकारने सांभाळावं. तेव्हा सिनेटर असलेल्या जॉन केनेडींनी तो उचलला आणि राष्ट्राध्यक्ष झाल्यावर १९६२ च्या व्यापार विस्तार कायद्यात 'ट्रेड ॲडजस्टमेंट असिस्टन्स', म्हणजे व्यापारामुळे काम गेलेल्यांना मदत, आणलं. त्यात कणव होती, तसा सौदाही होता. कर उतरवायला संघटनांची संमती हवी होती.

पण अट अशी घातली, की १९६९ पर्यंत कामगारांचा एकही अर्ज मंजूर झाला नाही. आयात वाढली ती करसवलतीमुळेच, आणि नोकरी गेली ती मुख्यतः त्या आयातीमुळेच, हे दोन्ही सिद्ध करायचं. हे कामगाराने सिद्ध करायचं कसं? १९७४ च्या कायद्याने अट सैल केली. पुढे जपानी गाड्यांनी डेट्रॉइटला घाम फोडला, १९८० च्या आसपास वाहन उद्योगातल्या अर्जांचा पूर आला, खर्च फुगला आणि १९८१ मध्ये रेगन सरकारने रोख भत्त्याला कात्री लावली.

तरी एक मोठं भोक राहिलंच. बाहेरचा माल आला तर मदत होती. पण मालकानेच मशिनरी उचलून मेक्सिकोत नेली तर? उत्पादनाचं हे स्थलांतर कायद्यात आलं ते अमेरिका, मेक्सिको आणि कॅनडा यांच्यातल्या नाफ्टा व्यापार करारासोबत, १९९४ पासून, आणि तेही फक्त मेक्सिको आणि कॅनडापुरतं. २००२ मध्ये आणखी काही देश जोडले गेले. कोणताही देश चालेल, सेवाक्षेत्रही चालेल, हे व्हायला २००९ उजाडलं. म्हणजे त्या काळात काम भारतात आलं, तर आधी मदत नव्हती, मग मिळू लागली. त्यातली काही कास्टिंग कोल्हापूरशेजारच्या कागल-गोकुळ शिरगावच्या भट्ट्यांतून ओतली गेली असणार. तिकडच्या कागदावर 'बाहेर' लिहिलेलं ते आपलं घर.

तीन कामगार मिळून अर्ज करू शकत. मग कामगार खातं कंपनीला, तिच्या गिऱ्हाइकांना विचारत बसे. शिक्का मिळाला की प्रशिक्षणाचा खर्च निघे आणि शिकत असताना साप्ताहिक भत्ता मिळे. बेकारी भत्ता धरून तो १३० आठवड्यांपर्यंत चाले. संसदेने मुदत न वाढवल्यामुळे १ जुलै २०२२ पासून नव्या अर्जांची छाननी थांबली.

आपली वाट वेगळी. औद्योगिक विवाद कायद्यात १९५३ च्या दुरुस्तीने कामगार कपातीची भरपाई आली, ती म्हणजे सलग सेवेच्या दर वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार. कारण कुणी विचारत नाही. १९७६ मध्ये मोठ्या कारखान्यांना कपातीआधी सरकारची परवानगी सक्तीची झाली. तिची मर्यादा तेव्हा ३०० कामगार होती, पुढे १०० झाली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या औद्योगिक संबंध संहितेत पुन्हा ३००. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या छोट्या शेडला या आकड्यांचं सोयरसुतक नाही.

उदारीकरणानंतर, १९९२ मध्ये, केंद्राने राष्ट्रीय नूतनीकरण निधी काढला. उद्देश कामगारांना नवं शिकवण्याचा होता. पैसा बहुतांश सार्वजनिक कंपन्यांच्या स्वेच्छानिवृत्तीत गेला आणि २००० मध्ये निधीच गुंडाळला. शाहू महाराजांनी १९०६ मध्ये कोल्हापुरात सुरू केलेल्या कापड मिलचा भोंगा त्यानंतर काही वर्षांतच कायमचा थांबला. नव्या संहितेत पुनर्कौशल्य निधी आहे: कपात झालेल्या कामगारामागे मालकाने १५ दिवसांचा पगार भरायचा, तो कामगाराच्या खात्यात जायचा. पंधरा दिवसांत सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारं यंत्र, शिकून होत नाही, एवढं शिरोलीतलं कुठलंही पोरगं सांगेल.

राहिली ईएसआयची, म्हणजे कामगार राज्य विम्याची, २०१८ ची अटल विमित व्यक्ती कल्याण योजना. नोकरी गेल्यावर ९० दिवसांपर्यंत भत्ता, आधी सरासरी कमाईच्या २५ टक्के, २०२० पासून ५० टक्के. तोही आयुष्यात एकदाच. त्यासाठी किमान दोन वर्षं विम्याखालची नोकरी लागते.

आणि इथेच गाडी अडते. अमेरिकेतल्या कामगाराने काम परदेशी गेल्याचं सिद्ध करायचं. इथल्या मोल्डरने आपण कामावर होतो, हेच. भट्टी तीच, वाळू तीच, पण मध्ये ठेकेदार बदललेला असतो आणि त्याच्यासोबत मस्टरही. अकरा वर्षं साचे धरलेला माणूस हिशेबाला बसतो, तेव्हा कागदावर त्याची भरती गेल्या दिवाळीनंतरची निघते.