फुटलेला कान, फोडलेली बाटली

परळच्या चाळीत जुलैत भिंती ओल धरतात आणि लहान मुलांचे कान वाहू लागतात. मग फ्रिजच्या दारातून, लोणच्याच्या बरणीमागून, गेल्या पावसाळ्यातली थेंबांची अर्धी बाटली बाहेर येते. आई चष्मा लावून तारीख वाचते, "अजून सहा महिने आहेत की!" ती तारीख खरी असते, पण सीलबंद बाटलीची.

कान वर्षानुवर्षं वाहतो तेव्हा पडद्याला भोक असतं आणि आत बरेचदा सूडोमोनास एरुजिनोसा नावाचा जंतू ठाण मांडून बसलेला असतो. 1882 साली कार्ल जेसार यांनी तो हिरवट-निळ्या पुवातून वेगळा काढला. त्याच्या नावातल्या 'एरुजिनोसा' या लॅटिन शब्दातच तांब्यावर चढणारा हिरवा कळंक आहे. याला जगायला फारसं काही लागत नाही. डिस्टिल्ड वॉटरमध्ये तो वाढतो, जंतुनाशकाच्या पातळ द्रावणांतही सापडलेला आहे. त्यामुळे कानाचं औषध बनवताना पाणी, बाटली, झाकण सगळंच निर्जंतुक लागतं.

त्याला आम्ल सोसत नाही, म्हणून डॉक्टर कधी कधी 2 टक्के ॲसेटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरमधलंच आम्ल, वापरतात. पण त्यावरून कुणी स्वयंपाकघरातलं व्हिनेगर नळाच्या पाण्यात कालवून कानात घालू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. पडद्याच्या भोकातून ते थेट मधल्या कानात उतरतं. जेंटामायसिनसारखी काही प्रतिजैविकं तर तिथून आणखी आत झिरपून ऐकण्याच्या पेशी मारू शकतात, आणि त्या पेशी पुन्हा उगवत नाहीत. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या 0.3 टक्के थेंबांना हा धोका नाही, म्हणून पडदा फाटलेला असताना डॉक्टर बहुधा तेच देतात.

आता बाटलीचं. थेंब टाकताना नळी पुवाला टेकते, बोटं सैल होताच बाटली फुगते आणि टोकावरचं सगळं आत ओढून घेते. आतलं परिरक्षक, म्हणजे जंतूंची वाढ रोखणारं रसायन, काही दिवस झुंजतं. म्हणून असे बहुतेक थेंब उघडल्यापासून 28 दिवसांनी टाकून द्यायचे. लेबलवर त्याहून कमी दिवस लिहिले असतील, तर तेवढेच.

फ्रिजमधले गार थेंब तसेच टाकले तर घेरी येते. गारव्याने आतल्या कानातला द्रव हलतो आणि मेंदूला वाटतं, डोकंच फिरतंय. हे कोडं उलगडणाऱ्या रॉबर्ट बारानींना 1914 चं नोबेल मिळालं. बाटली आधी दोन-तीन मिनिटं मुठीत धरायची, वाहणारा पू कोरड्या कापसाच्या वातीने टिपून घ्यायचा, मग थेंब. आणि सील फोडलं त्याच दिवशी लेबलवर बॉलपेनने तारीख घालायची.