फिशटँकची पार्श्वभूमी

घरातल्या फिशटँकच्या मागच्या काचेला बाहेरून लावलेला रंग, कागद किंवा फिल्म, अथवा टँकच्या आत बसवलेली कोरीव भिंत, यांना मिळून टँकची पार्श्वभूमी म्हणतात. नाशिकमध्ये बोलताना कोणी हा शब्द वापरत नाही. दुकानात जाऊन ‘पोस्टर’ किंवा ‘सीनरी’ मागितली जाते, कारण रोलवरून फुटाच्या मापाने कापून मिळणारे छापील चित्र हाच सर्वांत प्रचलित प्रकार आहे. भिंत, वायरी आणि फिल्टरच्या नळ्या झाकणे एवढेच तिचे काम, असा समज आहे. पण टँकमध्ये मासा किती निवांत राहतो आणि त्याचा रंग किती खुलतो, हेही बरेचसे मागच्या या काचेवर ठरते. म्हणून ती निवडताना आपल्या डोळ्याआधी माशाच्या डोळ्याचा विचार करावा.

हा प्रश्न तसा नवा आहे. लंडनच्या रीजंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालयात १८५३ साली पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले, त्या काळच्या काही घरगुती टाक्यांना फक्त पुढे काच असे, पाठीला स्लेटचा दगड. पाठ आपोआप काळी आणि बंद होती. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर १९५१ साली सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयातल्या टाक्याही भिंतीत बसवलेल्या, समोरूनच पाहायच्या. घराघरांत आधी लोखंडी अँगल आणि लांबीचे (पुट्टीचे), मग सिलिकॉनने जोडलेले टँक आले, चारही बाजू पारदर्शक झाल्या आणि पाठीचे काय करायचे हे ठरवण्याची वेळ आली.

माशाच्या दृष्टीने चारही बाजूंनी उघडी काच म्हणजे पाठीशी आडोसा नसणे. मागून माणूस गेला, पडदा हलला, पंखा फिरला की तो दचकून कोपऱ्यात जातो. नव्या टँकमध्ये नुसता काळा चार्टपेपर मागे लावला, तरी दोन-तीन दिवसांत निऑन टेट्रांचा थवा मधोमध पोहायला लागलेला दिसतो.

रंगाचे गणित याहून खोल आहे. माशाच्या कातडीत काळ्या रंगद्रव्याच्या पेशी असतात. भोवताल गडद असेल तर त्या द्रव्याचे कण पेशीभर पसरतात आणि मासा गडद होतो. भोवताल पांढरा असेल तर तेच कण पेशीच्या मध्याशी गोळा होतात आणि मासा फिका पडतो. हा बदल लवकर होतो. तोच भोवताल बरेच दिवस राहिला तर या पेशींची संख्याही कमीजास्त होते. वरून येणारा उजेड आणि तळावरून परतणारा उजेड यांच्या तुलनेवरून माशाचा डोळा भोवतालचा अंदाज घेतो. त्यामुळे मागे काळा रंग आणि खाली पांढरीशुभ्र मार्बलची खडी असे केले, तर अर्धे काम वाया जाते. पाठ आणि तळ एकाच विचाराने निवडावेत. निऑनची निळी रेघ मात्र या काळ्या द्रव्याची नसते. कातडीतल्या ग्वानिन नावाच्या पदार्थाच्या अतिसूक्ष्म स्फटिकांवरून परतणाऱ्या उजेडाने ती चमकते. ॲमेझॉन खोऱ्यातल्या गडद, चहाच्या रंगाच्या पाण्यात ती उठून दिसते, तशी काळ्या पाठीवरही दिसते.

दुसरी गोष्ट प्रतिबिंबाची. काचेमागे हवा असेल, तर पाण्यातून तिरपा येणारा उजेड बाहेर पडतच नाही, पूर्णपणे आत परततो. काचेवर काटकोनात टेकणाऱ्या रेषेपासून सुमारे ४९ अंशांपलीकडे पाहणाऱ्या माशाला ती काच आरसा असते. आपण समोरून पाहतो तेव्हा बाजूच्या काचा आरशासारख्या दिसतात, त्याचे कारणही हेच. संध्याकाळी हॉलचा दिवा बंद आणि टँकचा चालू असताना फायटर मासा मागच्या काचेपाशी कल्ले फुगवून, पंख ताणून उभा राहतो आणि पुन्हा पुन्हा त्याच जागी येतो. तो स्वतःच्या प्रतिबिंबाला आव्हान देत असतो. फ्लॉवरहॉर्न मासा तर काचेला धडका मारतो. नुसते पोस्टर सेलोटेपने चारी कडांना चिकटवले की काच आणि चित्र यांच्यात हवेचा पातळ थर राहतो आणि आरसा तसाच राहतो. रंग थेट काचेवर लावला, किंवा फिल्म द्रव लावून काचेला पूर्ण टेकवली, तर हा थर जातो.

फिल्म टेकवायची रीत सोपी आहे. काच बाहेरून स्वच्छ पुसावी, साबणाचे दोन थेंब टाकलेले पाणी किंवा ग्लिसरीन काचेवर पसरावे, फिल्म वरून खाली सोडावी आणि जुन्या एटीएम कार्डाने मधून कडेकडे हवा काढावी. चित्र एकदम ओले, गडद दिसू लागते. साबणाचे पाणी महिन्या-दोन महिन्यांत वाळते आणि जागोजागी फिके डाग पडतात. ग्लिसरीन टिकते. पुष्कळ जण घरातले तेल वापरतात, ते चालते, पण नाशिकमध्ये खोबरेल तेल वापरू नये. ते साधारण २४ अंशांखाली थिजू लागते, आणि इथली थंडी तर शेजारच्या निफाडला पाच-सहा अंशांपर्यंत उतरते. प्रस्तुत लेखकाने ऑक्टोबरात खोबरेल तेलावर काळी फिल्म बसवली होती. डिसेंबरातल्या एका सकाळी सगळ्या पाठीवर पांढरट बुरशी आल्यासारखे दिसले. हीटरजवळचा तळहाताएवढा भाग तेवढा काळा राहिला होता. शेंगदाण्याचे तेल इतक्या सहज थिजत नाही.

टँक रिकामा असेल तर रंग हा सर्वांत चांगला आणि स्वस्त उपाय, असे या नोंदीचे मत आहे. रंग नेहमी बाहेरून लावावा, आतून कधीही नाही. काच स्पिरिटने पुसून घ्यावी, कडांना टेप लावावी आणि बिनचमकीच्या काळ्या ॲक्रिलिक रंगाचे रोलरने दोन-तीन पातळ हात द्यावेत. प्रत्येक हात पूर्ण वाळू द्यावा. पुढे नको वाटला तर ब्लेडने खरवडून निघतो. टँक आधीच भरलेला असेल तर मागे हात जाण्याइतकी जागा पाहिजे. तीही नसेल तर काळा चार्टपेपर वरून सरकवण्यावर समाधान मानावे लागते, आणि तेही काही वाईट नाही.

काळा रंग सगळ्यांना लागू पडत नाही. ब्लॅक मॉली त्यात हरवते, तिला राखाडी किंवा फिकट निळी पाठ द्यावी. डिस्कस माशाच्या पिजन ब्लड जातीच्या अंगावर गडद भोवतालात मिरी भुरभुरल्यासारखे काळे ठिपके उमटतात, म्हणून ती पाळणारे फिकी पाठ पसंत करतात. गोल्डफिश, गप्पी, टेट्रा यांना काळा किंवा गर्द निळा शोभतो. हिरव्या वनस्पतींचा टँक असेल तर मागे दुधी फिल्म लावूनही खोली छान येते. बोअरचे पाणी वापरणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावे: पाणी उडून काचेवर राहणारी क्षारांची पांढरी रेघ काळ्या पाठीवर फार ठळक दिसते, ती दर आठवड्याला पुसावी लागते. छापील सीनरीत सर्वांत जास्त खपते ती समुद्रातल्या प्रवाळांची. गोड्या पाण्यातल्या गोल्डफिशमागे ती लावू नये. चित्र भडक असले की नजर चित्रावर जाते आणि मासा शोधावा लागतो.

वास्तुशास्त्राप्रमाणे अनेक घरांत टँक ईशान्येला ठेवतात. तिथे पूर्वेची खिडकी नेमकी टँकच्या मागे आली, तर सकाळचे ऊन थेट पाण्यात शिरून काचेवर शेवाळ धरते. पाठ काळी केल्याने ऊन अडते, पण काळी काच तापते, आणि एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो. अशा ठिकाणी काळ्या रंगामागे थर्माकोलची शीट उभी करावी. थंडीतही तिचा उपयोग होतो, हीटरची ऊब पाण्यात टिकते.

आतून बसवायची कोरीव भिंत दिसायला देखणी, पण मेहनतीची आहे. थर्माकोल तासून, त्यावर सिमेंटचा लेप देऊन ती घरीही करतात. सिमेंटमधला चुना पाण्यात उतरून पाणी अल्कधर्मी करतो, म्हणून भिंत बसवल्यावर मासे सोडण्यापूर्वी काही आठवडे पाणी पुन्हा पुन्हा बदलावे लागते. त्याहून मोठी अडचण तरंगण्याची. ३ फूट लांब, दीड फूट उंच आणि २ इंच जाड थर्माकोल पूर्ण बुडाला की जवळजवळ २० किलोच्या जोराने वर उसळतो. बुरशीनाशक नसलेल्या सिलिकॉनने ती कोरड्या काचेला पक्की चिकटवून, व्हिनेगरसारखा वास पूर्ण जाईपर्यंत थांबावे. १२ इंच खोलीच्या टँकमध्ये ३ इंचांची भिंत पाण्याचा चौथा हिस्सा खाते, हेही आधी मोजून घ्यावे. तिच्यामागे फट ठेवू नये. लहान मासा तिथे शिरला तर बाहेर येत नाही.

खऱ्या दगडाची पाठ करावी असे नाशिककरांच्या मनात येते, कारण काळ्या पाषाणाला इथे तोटा नाही. पांडवलेणी त्यातच कोरलेली आहेत आणि सिन्नरचे गोंदेश्वर मंदिरही त्याचेच आहे. पण हा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, जड असतो. ३ फूट बाय दीड फुटाची, फक्त एक इंच जाडीची फरशीही सुमारे ३० किलो भरते. ती काचेला टेकवून ठेवणे धोक्याचे आहे. त्याऐवजी पाठ काळी रंगवावी आणि तिच्या पायथ्याशी नदीतले गोटे उतरत्या क्रमाने रचावेत. नाशिकच्या बेसाल्टच्या पोकळ्यांत झिओलाइट आणि कॅल्साइट या खनिजांचे स्फटिक सापडतात. कॅल्साइटमुळे पाणी जड, म्हणजे क्षारयुक्त होते. दगडावरच्या पांढऱ्या भागावर व्हिनेगरचे थेंब टाकावेत, बुडबुडे आले तर तो दगड बाजूला ठेवावा. गोटे ब्रशने घासून काही दिवस पाण्यात भिजवावेत. उकळू नयेत, आत ओल असलेला दगड तडकू शकतो. सोमेश्वरच्या धबधब्याजवळ पावसाळा सरल्यावर उघडा पडणारा कातळ एकदा जवळून पाहावा: वर कोरडा राखाडी, पाण्याच्या रेषेखाली काळाभोर, आणि मधे शेवाळाचा बोटभर हिरवा पट्टा. गोदावरीच्या खोऱ्यात आढळणारे रसबोरा आणि डॅनिओ याच रंगाच्या पुढ्यात पोहतात.