मुंबईत जागा कुठे होती?

मुंबईत माणसाची पहिली अडचण जागेची. दहा बाय बाराच्या खोलीत आई-वडील, भावंडं, वर गावाकडून आलेले पाहुणे. तिथे दोन पुरुषांनी किंवा दोन बायकांनी एकमेकांचा हात धरायचा तरी कुठे? म्हणून या शहरातल्या समलिंगी आणि तृतीयपंथी आयुष्याचा इतिहास मला जागेच्या शोधाचा इतिहास वाटतो.

त्यात हिजडा समाजाने आपली जागा फार आधी केली. चेला, गुरू, वर नायक अशी घराण्यांची उतरंड इथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. भेंडीबाजार हे तर त्यांतल्या एका घराण्याचंच नाव. घरच्यांनी हाकललेल्या पोराला डेऱ्यावर, म्हणजे हिजड्यांच्या एकत्र राहण्याच्या घरात, गुरू नवं नाव देते, टाळी कशी वाजवायची ते शिकवते, आजारपणात उशाशी बसते. डेऱ्यात कडक शिस्त असते, दंड असतो, कमाईतला वाटा द्यावा लागतो. पण रात्री-अपरात्री दार उघडणारं दुसरं होतं कोण?

समलिंगी पुरुषांना असं घराणं नव्हतं. त्यांच्या वाट्याला स्टेशनं, बागा, लोकलचे डबे आणि गेटवेजवळचा समुद्रकाठचा कठडा आला. नजरेला नजर मिळायची, मग कोणीतरी किती वाजले म्हणून विचारायचं. ओळखीचं कोणी दिसेल ही एक धास्ती आणि पोलिसांची दुसरी. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं १८६० च्या भारतीय दंड संहितेतलं कलम ३७७ थेट जन्मठेपेपर्यंत जात होतं. खटले फारसे उभे राहिले नाहीत. त्या कलमाचा धाक घालून पाकिटं मात्र खूप रिकामी केली गेली. बायकांना तर तो कठडाही नव्हता. त्यांचा ‘स्त्री संगम’ हा गट १९९५ मध्ये उभा राहिला. पुढे तो ‘लेबिया’ झाला.

पत्रकार अशोक राव कवी यांनी १९९० मध्ये ‘बॉम्बे दोस्त’ हे नियतकालिक सुरू केलं आणि आपल्यासारखं आणखी कोणी आहे हे अनेकांना छापील कागदावर पहिल्यांदा दिसलं. १९९४ मध्ये ‘हमसफर ट्रस्ट’ स्थापन झाला. एचआयव्हीची साथ पसरत होती, त्या कामासाठी महापालिकेने वाकोल्याच्या आपल्या इमारतीत संस्थेला जागा दिली. मला या इतिहासातली ही सगळ्यात मोठी घटना वाटते. ज्यांना कायदा गुन्हेगार म्हणत होता, ते सरकारी जिना चढून वर जात होते, खुर्च्या मांडून बसत होते, पोटातलं बोलत होते.

१६ ऑगस्ट २००८ रोजी ‘क्विअर आझादी’चा मोर्चा ऑगस्ट क्रांती मैदानावरून गिरगाव चौपाटीकडे निघाला. काहींच्या तोंडावर मुखवटे होते. १९४२ मध्ये ‘चले जाव’ची हाक दिलेल्या त्याच मैदानावरून, इंग्रजांनी या कलमाबद्दल माफी मागावी अशी मागणी झाली.

पुढचं दिल्लीत ठरलं. २००९ मध्ये उच्च न्यायालयाने कलम ३७७ पासून दिलासा दिला, २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो काढून घेतला. २०१४ मध्ये तृतीयपंथी ओळखीला मान्यता मिळाली. त्या खटल्यात ठाण्याच्या तृतीयपंथी कार्यकर्त्या लक्ष्मीनारायण त्रिपाठीही होत्या. ६ सप्टेंबर २०१८ रोजी परस्परसंमतीचे संबंध गुन्ह्यातून सुटले, पण २०२३ मध्ये लग्नाचा हक्क नाकारला गेला.

आणि घर? २०२४ मध्ये केंद्राने राज्यांना कळवलं, की रेशनकार्डासाठी समलिंगी जोडीदार एकाच कुटुंबातले धरावेत. चाळीत वाढलेल्या कोणालाही विचारा, कार्डावर नाव चढणं म्हणजे काय. रेशनिंग ऑफिसच्या खिडकीवर हुज्जत न घालता ते चढतं का, हे आता पाहायचं.